नॅफ्थॉल आणि चिंचेचं पाणी

सायली, ये इकडं. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, हा अंक जरा डोळ्यांजवळ धर आणि अशी माझ्या शेजारी बस. मागच्या महिन्यात फोनवर तू मला जे बोललीस ते मला लई लागलं, आणि ते आता मी चारचौघांत सांगणार आहे. मी साधं विचारलं, "काय गं, अभ्यास काय म्हणतोय?" तर म्हणालीस, "आज्जी, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची नावं आहेत. नुसती पाठ करायची, त्यांना अर्थबिर्थ काही नसतो." मी म्हटलं, "आज कुठलं पाठ केलंस?" तर म्हणालीस, "बीटा-नॅफ्थॉल. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं. अगं, बावीस वर्षं मी त्या नॅफ्थॉलच्या टबाशी उभी होते. तू जन्मायच्या आधी माझी नखं त्यानं पिवळी झाली होती. भावाची नात म्हणून फोनवर गप्प बसले. पण अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "महानंदाक्का, कामावरचं काहीतरी लिहा," तेव्हा ठरवलं की त्यांचं काम आणि तुला रागवायचं काम एकदमच उरकावं. बाकीचे वाचताय ते तुम्हीपण बसा ऐकत. तुम्हाला कुठं परीक्षा द्यायची आहे.

मी सातवी शिकलेली. लग्न होऊन अक्कलकोटकडून सोलापुरात आले आणि दोन वर्षांतच एका डाय हाऊसमध्ये लागले. डाय हाऊस म्हणजे सूत रंगवायची शेड. लोकांना वाटतं, चादर आधी विणतात आणि मग रंगवतात. तसं नाही. रंग आधी, विणकाम मागून. सुताच्या लड्या रंगवून, धुवून, वाळवून मागावर जातात, तेव्हा कुठं चादरीवर लाल फूल आणि पांढरी वेल उमटते. आमचे मालक राजेशम, शेजारचे मागही त्यांचेच. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

सुरुवातीला मी नुसती लड्या धुवायला होते. रंगाचं मिश्रण करायला एक मास्तर होते. ते आपली मापं कुणाला दाखवत नसत, चिठ्ठी खिशात घालून बटण लावत. पण त्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची सवय होती. धुवायचा हौद त्यांच्या पाठीमागंच होता. तीन वर्षांनी मास्तर इचलकरंजीला गेले आणि मालक कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मी पुढं होऊन सगळी मापं म्हणून दाखवली. मालकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "धुवायला दुसरी बघा मग," एवढंच म्हणाले. अशी मी मिश्रणावर आले.

गिऱ्हाइकं तरी कसली कसली. मोहोळच्या एका गृहस्थांना मुलीच्या लग्नात द्यायला चादरी करून हव्या होत्या. रंगाचा नमुना म्हणून त्यांनी पिशवीतून एक वांगं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हा रंग पायजे." मी तीन दिवस खपून तो रंग हुबेहूब जमवला. ते बघायला आले तोवर वांगं सुकून तपकिरी पडलेलं. त्यांनी सूत वांग्याशेजारी धरलं, मान हलवली, म्हणाले, "जमलं न्हाय की ओ बाई." शेवटी बाजारातून ताजं वांगं आणून दाखवलं तेव्हा पटलं. तेव्हापासून भाजीपाला नमुना म्हणून घ्यायचा नाही, असा माझा नियम.

पण आमचा खरा रंग लाल. आणि तो यायचा नॅफ्थॉलमधून.

ते काम बघायला लोक उभे राहायचे. दोन टब. पहिल्यात नॅफ्थॉल. मळकट, फिकी पूड, नुसत्या पाण्यात काही केल्या विरघळत नाही. तिला तेलात कालवून कॉस्टिक सोडा घातला आणि उकळतं पाणी ओतलं, की मधासारखं पिवळं, नितळ पाणी होतं. त्यात लड्या बुडवून पिळून काढायच्या. दुसऱ्या टबात दुसरं एक रसायन, त्याला आम्ही नुसतं बेस म्हणायचो. ते ॲसिड आणि नायट्राइट घालून तयार करायचं आणि बर्फात ठेवायचं, नाहीतर बिघडतं. सोलापूरचा वैशाख आणि बर्फ, म्हणजे लादी शेडमध्ये आणेपर्यंत निम्मी व्हायची. गंमत अशी, की दोन्ही टबांत कुठंच लाल नाही. पिवळी लडी दुसऱ्या टबात गेली की डोळ्यांदेखत लालभडक. रंग बाहेरून लावलेला नसतो, तो सुताच्या आतच तयार होतो. म्हणून मुरतो.

मला नावांचा नाद फार. डब्यावर जे लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नसे. हे नॅफ्थॉल काय आहे, असं मास्तरांना विचारलं होतं तर म्हणाले, "नॅफ्थॉल म्हणजे नॅफ्थॉल." मालक म्हणाले, "कंपनी ठेवतीय नाव." मग एकदा कांबळे सर टॉवेल घ्यायला आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. त्यांच्यासमोर मी डबाच नेऊन ठेवला.

"सर, हे नाव काय म्हणतंय ते सांगा की."

"नाव काय म्हणतंय?" सर हसले. "बाई, इतकी वर्षं शिकवलं, हे कुणी विचारलं नाही. सगळे विचारायचे, परीक्षेला येणार का."

त्यांनी खडू मागितला आणि डब्याच्या झाकणावर नाव मधून तोडून लिहिलं. नॅफ्थ आणि ऑल. आम्ही सगळ्या जमलो. पिळायला असलेली झुबेदा हात पुसत पुढं आली. झुबेदा माझ्याच वयाची, घरात तिचाच एकटीचा पगार, आणि शेडमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी. माझ्यानंतर.

सर म्हणाले, "नॅफ्था म्हणजे जमिनीतून निघणारं तेल. लई जुना शब्द, इराणकडचा. तिकडून ग्रीक लोकांनी घेतला आणि पुढं युरोपभर गेला. मग दगडी कोळशाच्या डांबरातून एक पांढरा, उग्र वासाचा खडा निघाला. त्याला याच शब्दावरून नाव पडलं, नॅफ्थॅलीन. तो तुमच्या घरी आहे."

"आमच्या घरी कुठला?" मी म्हटलं.

"साड्यांत ठेवता की. डांबरगोळ्या."

बघ सायली, आपल्या भाषेनं ते आधीच सांगून ठेवलंय. डांबरातून निघाली म्हणून डांबरगोळी. आणि आपण वास घेऊन कपाट लावून टाकतो.

"आणि हे ऑल?"

"ते अल्कोहोलचं शेपूट."

झुबेदानं दोन्ही हात अंगापासून लांब धरले. "दारू है क्या इसमें? मैं क्या की रोज हाताँ डालरी."

"दारू नाही, ऐका तर. अल्कोहोल हा मुळात अरबी शब्द, अल-कुहल. म्हणजे सुरमा. डोळ्यांत घालायची बारीक पूड. मग कुठलीही बारीक, शुद्ध केलेली पूड म्हणजे अल-कुहल झाली. मग गाळून काढलेला अर्क, आणि सगळ्यात शेवटी दारूचा अर्क. पुढं रसायनवाल्यांनी त्या नावाचं शेपूट तेवढं कापून घेतलं. ज्याच्या मागं ऑल, त्याच्या अंगाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी लटकलेली आहे. डांबरगोळीला ती जोडी लावली की झालं नॅफ्थॉल."

झुबेदाच्या डोळ्यांत तेव्हाही सुरमा होता. "मैं रोज लगाती," ती म्हणाली, "मेरेकू किसने नै बोले." त्या दिवसापासून ती नॅफ्थॉलच्या टबाला मेरी सुरमेदानी म्हणायला लागली.

मास्तर पुटपुटताना कधी बीटा म्हणायचे, तेही मी विचारलं. सर म्हणाले, तो पत्ता आहे. डांबरगोळीचा रेणू म्हणजे मधली भिंत एकच असलेल्या दोन खोल्या. जोडी कुठल्या कोपऱ्याला लटकलीय ते सांगायला अल्फा नाहीतर बीटा. "शुक्रवार पेठेत नुसत्या नावावर घर सापडतं का? नंबर लागतो की." आणि आमच्या डब्यातलं नॅफ्थॉल म्हणजे त्या बीटा-नॅफ्थॉलचं नातवंड. अंगावर पसारा जास्त, शेपूट तेच.

जाता जाता सर एक गोष्ट बोलले. "तुम्ही कॉस्टिक का घालता ते या शेपटात आहे. इथं कॉस्टिक त्या जोडीचा हात धरतं आणि तिला पाण्यात घेऊन जातं. आंबट काही आलं, की हात सुटतो आणि परत पूड." मी पहिलं वाक्य मनात कोरून ठेवलं, कारण मला त्याचंच कोडं होतं. दुसरं सोडून दिलं. आंबटाचा आणि आपला काय संबंध, असं वाटलं.

आता माझी चूक सांगते.

कॉस्टिकमध्ये हात घातला की तो साबण लागल्यासारखा बुळबुळीत होतो. कितीही पाणी ओता, बुळबुळ जात नाही, आणि मग कातडी सोलते. मालकांनी रबरी हातमोजे दिलेले होते, पण ते फाटके आणि उन्हाळ्यात आत घामाचं तळं. कुणी घालत नसे. झुबेदाचं काम सगळ्यात वाईट. पहिल्या टबातल्या लड्या पिळायच्या आणि दुसऱ्या टबात द्यायच्या, दिवसभर. तिच्या बोटांना चिरा पडल्या. घास मोडताना तोंड वाकडं व्हायचं. मला बघवेना. आमच्या घरी पितळी भांड्यांना चिंच लावायची पद्धत, त्यावरून सुचलं. मी एक मडकं आणलं, चिंच कोळून पाणी केलं आणि दोन टबांच्या मध्ये ठेवलं. त्यात हात बुचकळला की बुळबुळ एका क्षणात जायची. झुबेदा म्हणाली, "अक्का, तू डाक्टर है." मी त्या दिवशी घरी जाताना जरा ऐटीतच गेले.

दुसऱ्याच दिवशी लाल सुतावर डाग आले. फिकट, लांबट डाग. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. बोटांचे. पुढच्या दोन घाण्यांवरही तेच. मी मापं तपासली, बर्फ वाढवला, पाणी बदललं. डाग तिथंच.

मुकादम भीमण्णा जुना माणूस. त्यानं लडी उजेडात धरली आणि झुबेदाकडं बघितलं. "मालक, काही बायांच्या हाताला उष्णता असतीया. रंग धरत न्हाय."

"मैं सात बरस से पिळती," झुबेदा म्हणाली. "तबी नै थी उष्णता?"

"आता आली आसंल."

मालकांनी तिला डागांवर हात ठेवायला लावला. बोटाला बोट जुळलं. ते आधी तेलुगूत बोलले, मग मराठीत. "झुबेदा, उद्यापासून घरी बस. बोलावलं तर ये." ती माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी लडी उलटीपालटी करून डागच बघत राहिले. ती पदर खोचून निघून गेली.

सोमवारी तिच्या जागी नागम्मा आली. मुलगीच, नवीन लग्न झालेली. सोमवार, मंगळवार, बुधवार सूत स्वच्छ. एकही डाग नाही. भीमण्णा मिशीला हात लावत शेडभर फिरला. मलासुद्धा वाटायला लागलं, असेल बाई उष्णता. आता हे लिहितानाही लाज वाटते.

गुरुवारी नागम्मा माझ्याकडं हात घेऊन आली. "अक्का, आग होतीया. बुळबुळ जाईना." मी म्हटलं, "त्या मडक्यात बुचकळ की. झुबेदा तेच करायची." आणि दुपारी सुतावर डाग. नागम्माच्या बारीक बोटांचे.

मी मडक्याशी जाऊन उभी राहिले. आंबट काही आलं, की हात सुटतो. सरांचं दुसरं वाक्य तेव्हा कुठं माझ्यापर्यंत पोचलं. काचेच्या पेल्यात मी पहिल्या टबातलं ते नितळ पिवळं पाणी घेतलं, अंगणात उन्हात गेले आणि वरून चमचाभर चिंचेचं पाणी सोडलं. पाणी गढूळ झालं. ताक फुटावं तसं. खाली पूड बसायला लागली. जिथं जिथं आंबट हात लागत होता, तिथं नॅफ्थॉल कॉस्टिकचा हात सोडून देत होतं, आणि तेवढ्या जागी लाल नीट उठतच नव्हतं. झुबेदाचा हात नव्हे, माझं मडकं.

मी पेला ओतून दिला आणि आत आले. कुणाला काही बोलले नाही.

का ते सांगते, कारण सांगायलाच बसलेय. मालकांना कळलं असतं तर मी परत धुण्याच्या हौदावर गेले असते, असं मला वाटलं. इतकी वर्षं पाठमोऱ्या मास्तरांची पुटपुट ऐकून मिळवलेली जागा. मी मनाशी म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. शुक्रवारी सकाळी परत पेला भरला. परत गढूळ. दुपारी परत. एकदाच पुरेसं होतं, सायली. बाकीचे दोन पेले भित्रेपणाचे.

शुक्रवारी संध्याकाळी शेड धुवून झाल्यावर मी चौथा पेला घेऊन मालकांच्या टेबलाशी गेले. भीमण्णा तिथंच होता.

"मालक, डाग हातामुळं न्हाईत. माझ्या मडक्यामुळं हायत." आणि चिंचेचं पाणी सोडून दाखवलं.

भीमण्णा म्हणाला, "चिंच तर चांगली असतीया की."

"आमटीत," मालक त्याला म्हणाले. मग मला, "म्हणजे एवढं सूत तुम्ही खराब केलंत."

"व्हय."

"आणि झुबेदाला मी घरी बसवलं."

"व्हय. ते तुमचं."

हे तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. भीमण्णानं खाली बघितलं. मालकांनी पेला हातात घेऊन हलवला. "मडकं फोडा," ते म्हणाले. "मिश्रण तुम्हीच करा. दुसरा कोण ठेवला, तर तो चुकलेलं सांगणार पण नाही."

"आणि हातमोजे," मी म्हटलं. "धड पाहिजेत. न्हायतर बाया उद्या लिंबू आणतील."

त्याच संध्याकाळी मालक स्वतः माझ्याबरोबर झुबेदाच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "चूक झाली, उद्यापासून ये." मालकानं असं दारात येणं आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. शेजारणी बाहेर येऊन उभ्या. झुबेदानं त्यांना नुसतं "हौ" म्हटलं. मग माझ्याकडं वळली.

"तेरेकू कब समझा, अक्का?"

मी म्हटलं, "आज."

सूत काही वाया गेलं नाही. डागाळलेल्या लड्या आम्ही काळ्या रंगात घातल्या, त्यांच्या किनारी झाल्या. नवे हातमोजे आले. मडकं मी फोडलं. पण नागम्माला कुठं माहीत होतं, काय लपवायचं आणि काय नाही. आठवड्याच्या आत तिनं झुबेदाला सांगितलं की अक्का गुरुवारीच पेला घेऊन उन्हात उभ्या होत्या, मी म्हटलं सरबत करतायत की काय.

झुबेदा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. शेडमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी बाई, दोन हात अंतरावर उभी राहून लड्या पिळायची आणि माझ्याकडं बघायची नाही. ते आठ दिवस कॉस्टिकपेक्षा जास्त भाजले. नवव्या दिवशी तिनं एक हातमोजा माझ्यासमोर टाकला. "ये फट्या. नवा मंगा. ये तेरा काम है." मी लगेच उठले. तेवढ्यानं बोलणं सुरू झालं, आणि मग थांबलं नाही.

आता ती शेड नाही. नॅफ्थॉलही फारसं कुणी वापरत नाही, बर्फ नको नि भानगड नको असे नवे रंग आलेत. आमच्या वेळचे काही बेस तर अंगाला घातक म्हणून बंदच झाले. ते घातक आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातही आम्ही उघडेच हात घातले होते. त्याचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून फक्त लिहून ठेवते. पण तुला एवढं सांगते पोरी, नावं पाठ कर, माझी ना नाही. पण पूर्ण ऐकून घे. मी सरांचं अर्धंच ऐकलं आणि दुसरीच बाई घरी बसली.

झुबेदा दर शनिवारी माझ्याकडं जेवायला असते. तिचं नि माझं अजून एका गोष्टीवर भांडण आहे. मी म्हणते, मी एकच दिवस गप्प बसले, गुरुवार दुपार ते शुक्रवार संध्याकाळ. ती म्हणते, "दो दिन. गुरुवार बी दिन, शुक्रवार बी दिन. घर में मैं बैठी थी, तू नै." ही हकिकत तू माझ्याकडून ऐकलीस, आता तिच्याकडून ऐकायला पाहिजे. कुठल्याही शनिवारी ये, पण लवकर ये. ती सांगत असताना मी मध्ये बोलणार नाही.